अनोळखी साक्षीदार

(नभोवाणीवरील भाषण)

नेरूळला आमच्या शेजारीं एक काकू राहतात. गेल्या पावसाळ्याच्या आधीं त्यांनीं मोबाइलवरून पाणी शुद्ध करण्याचें एक यंत्र मागविलें. कोणतें घ्यावें हें ठरविण्यासाठीं त्या दोन रात्री जागल्या. लोकांचे अभिप्राय वाचले, तारे मोजले, आणि ज्या यंत्राला पांचांपैकीं साडेचार तारे मिळाले होते तें निवडलें. खोकें उघडलें तेव्हां यंत्राबरोबर एक सुबक छापलेलें कार्ड निघालें. पांच तारे द्यावे, त्याचें चित्र पाठवावें आणि दोनशें रुपये परत मिळवावे, असा त्याचा मजकूर होता. यंत्र अजून भिंतीवर चढलेंहि नव्हतें. पण काकूंनीं नातवाकडून पांच तारे देवविले आणि ‘उत्तम वस्तु, पाण्याला गोडी आली’ असा शेराहि लिहविला. दोनशें रुपये आले. तीन महिन्यांनीं यंत्र बंद पडलें.

विक्रेत्याकडे दाद लागेना, तेव्हां काकू माझ्याकडे आल्या. पैसे गेल्याचें दुःख होतेंच, पण बोलतां बोलतां त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, मी ज्यांच्या शब्दावर विसंबलें, त्यांनाहि असेंच कार्ड आलें असेल, नाहीं का? आणि माझ्या शब्दावर विसंबून आणखी कितीजणांनीं हें घरीं आणलें असेल?”

या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं. परंतु त्या निमित्तानें जें वाचलें आणि जें मनांत आलें, तें आज आपल्यापुढें मांडीत आहें. हा प्रश्न मोबाइलच्या युगाचा वाटतो. वस्तुतः तो बाजाराइतका जुना आहे. जी वस्तु आपल्याला पारखतां येत नाहीं, तिच्याविषयीं कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावाच लागतो. हा शब्द देणारा तो साक्षीदार. आपल्याकडील कायद्याचा इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, तो आधीं तराजूची परीक्षा करावयास शिकला, मग विक्रेत्याच्या बोलण्याची. आणि साक्षीदाराची परीक्षा करावयास तो अगदीं अलीकडे, आपल्या डोळ्यांदेखत शिकूं लागला आहे.

गिरगांव-दादरच्या चाळींत राहणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ही अडचण फारशी नव्हती. तूप कोणाकडचें चांगलें हें बायकांना ठाऊक असे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, तें सांगणारी बाई कोण हेंहि ठाऊक असे. तिला तुपांतलें कितपत कळतें, तिची जीभ किती चोखंदळ आहे, दुकानदार तिचा भाचा तर लागत नाहीं ना, हें सारें जमेस धरून तिच्या शब्दाची किंमत ठरे. तिनें खोटें सांगितलेंच, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं नळावर तिला जाब द्यावा लागे. साक्षीदार हाताशीं होता आणि त्याची उलटतपासणी रोज होत होती.

ही व्यवस्था निर्दोष होती असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्या गांवचा, आपल्या जातीचा दुकानदार म्हणून त्याचा नासका मालहि गोड मानून घेतला जाई, आणि परक्याचा चांगला माल पडून राही. बोलणाऱ्याचीं बोरें विकतात आणि न बोलणाऱ्याचे आंबेहि विकत नाहींत, ही म्हण त्याच काळची आहे.

कायदा या साक्षीदाराकडे त्या वेळीं पाहतच नसे. १८६० च्या दंडसंहितेनें खोटें वजन व खोटें माप वापरणाऱ्यास शिक्षा सांगितली. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १६ व्या कलमानें मूळ तत्त्व असें ठेवलें कीं, कांहीं ठरावीक अपवाद सोडले तर मालाच्या गुणाविषयीं विक्रेत्यानें मुकाट हमी दिली आहे असें मानावयाचें नाहीं. घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवून घ्यावें. तराजूचा कांटा सरळ असला म्हणजे कायद्याचें काम झालें. पारड्यांत काय पडतें तें गिऱ्हाइकाचें नशीब.

पुढें छापखाना आला आणि साक्षीदार दूर गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं निघालेलीं वर्तमानपत्रें चाळलीं तर शक्तिवर्धक गोळ्यांच्या आणि सर्व रोगांवरील औषधांच्या जाहिराती हमखास आढळतात. आणि त्या जाहिरातींच्या पोटांत कोणा रावसाहेबांचें, कोणा मामलेदारांचें प्रशस्तिपत्र असतें. एका डबीनें आपणांस केवढा गुण आला तें त्यांत सांगितलेलें असतें. हे रावसाहेब खरे होते काय? खरे असल्यास डबी त्यांना फुकट तर मिळाली नव्हती ना? वाचणाऱ्याला हें कळण्याचा कांहींच मार्ग नव्हता. आजच्या पांच ताऱ्यांचे पूर्वज हे असे आपल्या आजोबांच्या वर्तमानपत्रांत बसलेले आहेत.

त्याच काळांत विलायतेंत एक खटला गाजला. ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ नांवाचें, नाकानें धूर हुंगण्याचें एक साधन विकणाऱ्या कंपनीनें १८९१ सालीं जाहिरात दिली कीं, सांगितल्याप्रमाणें हें साधन वापरूनहि ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्यास शंभर पौंड देऊं. आणि आमच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून एक हजार पौंड बँकेंत ठेवले आहेत. श्रीमती कार्लिल यांनीं तें साधन विकत घेतलें, रोज वापरलें, आणि तरीहि त्यांना इन्फ्लुएंझा झाला. ‘जाहिरात म्हणजे नुसती बढाई, ती कोण खरी मानतो?’ असा कंपनीचा बचाव होता. १८९२ सालीं अपील न्यायालयानें तो फेटाळला व बाईंना शंभर पौंड मिळाले. विक्रेत्याचा शब्द त्याच्या गळ्यांत अडकूं शकतो हें त्या दिवशीं ठरलें. परंतु हीच कंपनी आपल्या साधनाच्या स्तुतीसाठीं मोठमोठ्या सरदारांचीं नांवें छापीत असे. त्यांना मात्र कोणीं कांहीं विचारलें नाहीं.

आपल्याकडे विक्रेत्याच्या तोंडाला पहिला मोठा लगाम १९५४ सालीं लागला. औषधें व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध संसदेनें त्या सालीं कायदा केला. पुढें १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा आला, आणि १९८४ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हा शब्दप्रयोग कायद्यांत शिरला. मालाच्या गुणांविषयीं खोटें सांगणें ही अशी प्रथा ठरली.

याच सुमारास मुंबई-पुण्याच्या ग्राहकांनीं एक निराळीच वाट काढली, आणि माझ्या मतें या इतिहासांतील तें सर्वांत मोलाचें प्रकरण आहे. १९६६ सालीं मुंबईंत नऊ स्त्रियांनीं एकत्र येऊन ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली. वस्तूंची तपासणी करावी, निष्कर्ष छापावे आणि लोकांना जागें करावें हें तिचें व्रत. १९७४ सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारचीं कुटुंबें मिळून संघ करावयाचा, महिन्याची यादी एकत्र करावयाची, कार्यकर्त्यांनीं नमुने पाहून माल निवडावयाचा व तो घरोघर वांटून घ्यावयाचा, अशी ही रीत. मध्यस्थाचा नफा वांचला हें खरें. पण मला त्यांतली निराळीच गोष्ट मोठी वाटते. तूरडाळ कोणती घ्यावी हें सांगणारा माणूस तीच डाळ स्वतःच्या घरीं शिजवीत होता. डाळ शिजली नाहीं, तर पुढच्या वांटपाच्या दिवशीं त्याला तोंड दाखवावें लागत होतें. मोठ्या शहरांत हरवलेला नळावरचा साक्षीदार या संघांनीं परत आणला. अशा संस्थांच्या रेट्यामुळेंच १९८६ सालचा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली तो २४ डिसेंबर हा दिवस आपण आजहि राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतों.

आतां नव्या मुंबईकडे येऊं. कारण हा प्रश्न येथें जितका ठळक दिसतो तितका जुन्या शहरांत दिसत नाहीं. १९७० च्या मार्चमध्यें सिडकोची स्थापना झाली, १९७३ सालीं वाशीचा खाडीपूल खुला झाला, आणि १९९२ च्या मे महिन्यांत मानखुर्दहून वाशीला आगगाडी आली. मूळच्या आगरी-कोळी गांवांभोंवतीं आंखलेल्या वसाहती उठल्या. आणि त्यांत गिरगांवचे, सातारचे, केरळचे, पंजाबचे लोक शेजारीं शेजारीं येऊन राहिले. रस्ते रुंद, सेक्टरांना क्रमांक. पण वाणी कोण, शिंपी कोण, डॉक्टर कोणता चांगला हें सांगणारी पिढी अजून तयार व्हावयाची होती. आम्ही प्रथम येथें आलों तेव्हां जिन्यांत भेटेल त्याला हेंच विचारीत असूं, आणि तोहि बहुधा कालच आलेला असे.

मुंबईंतले घाऊक बाजारहि टप्प्याटप्प्यानें खाडी ओलांडून याच वाशी-तुर्भ्यास आले. त्यांच्याबरोबर एक जुनी रीत आली. हापूसचा सौदा करतांना दोघे व्यापारी रुमालाखालीं हात धरून बोटांच्या खुणांनीं भाव ठरवीत. भोंवतीं उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच पेटीचा भाव कळत नसे. बाजार समित्यांच्या १९६३ च्या कायद्याचा रोख उघड लिलावावर होता तो यासाठींच. बाजारांत फसवणूक नेहमीं झांकलेल्या जागीं होते, आणि कायद्याचें काम पुष्कळदां रुमाल उचलण्याइतकेंच असतें. ऑनलाइन अभिप्रायांखालीं असाच एक रुमाल आहे.

तो कसा पसरला तें पाहूं. मोबाइलच्या आधीं दुकान शोधावयाचें तर टेलिफोनचीं पिवळीं पानें उघडावीं लागत. या पिवळ्या पानांवरूनच मुंबईंत टाटा प्रेस आणि महानगर टेलिफोन निगम यांच्यांत वाद झाला व १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांत महत्त्वाचा निर्णय दिला. जाहिरात हाहि भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे, कारण ती ऐकण्यांत लोकांचें हित आहे. परंतु खोट्या आणि फसव्या जाहिरातीला हें संरक्षण नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. पिवळ्या पानांत दुकानदार स्वतःविषयीं बोले, आणि तो बोलतो आहे हें आपल्याला दिसे. मोबाइलवर निराळेंच घडलें. तेथें दुकानदार गप्प राहतो आणि गिऱ्हाइकें बोलतात. म्हणून आपला विश्वास बसतो. नेमका हाच विश्वास विक्रीस निघाला. विक्रेता स्वतःच गिऱ्हाइकाचें सोंग घेऊं लागला. स्तुतीचे शेरे घाऊक लिहून देणारे निघाले. प्रतिस्पर्ध्याच्या नांवानें शिव्या लिहविणारेहि निघाले. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे काकूंच्या खोक्यांतलें तें कार्ड. त्यांत साक्षीदार खरा, त्यानें माल घेतला हेंहि खरें. फक्त साक्ष विकत घेतलेली.

जुलै २०२० मध्यें २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा अमलांत आला आणि त्याच महिन्यांत ई-व्यापाराचे नियम निघाले. विक्रेत्यानें आपण ग्राहक असल्याची बतावणी करून मालाविषयीं अभिप्राय लिहूं नये, असें त्यांत स्पष्ट शब्दांत सांगितलें आहे. साक्षीदार कोण, हा प्रश्न आपल्या कायद्यानें येथें उघडपणें विचारला. त्याच वेळीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालें. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल त्याला दहा लाख रुपयांपर्यंत, व पुन्हां तोच गुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करतां येतो. शिवाय आणखी एक सोय झाली. १९८६ च्या कायद्यानें तक्रार जेथें विक्रेता राहतो वा धंदा करतो, किंवा जेथें तक्रारीचें कारण घडलें, तेथें करावी लागे. आतां ग्राहकाला आपण राहतों त्या ठिकाणच्या आयोगापुढेंहि ती नेतां येते. दिल्लीच्या विक्रेत्यासाठीं नेरूळच्या बाईनें दिल्ली गांठावयास नको.

पुढचें पाऊल भारतीय मानक ब्यूरोनें टाकलें. नोव्हेंबर २०२२ मध्यें ‘आय. एस. १९०००:२०२२’ हें ऑनलाइन अभिप्रायांसंबंधींचें प्रमाण प्रसिद्ध झालें. प्रेशर कुकरच्या झांकणाला प्रमाण असतें, विजेच्या तारेला असतें; माणसाच्या मताला प्रमाण कसें असेल, असें प्रथम वाटतें. परंतु हें प्रमाण मताला हात लावीत नाहीं. मत कडू असो कीं गोड, तें देणारा खरा आहे कीं नाहीं एवढेंच तें विचारतें. अभिप्राय देणाऱ्यानें आपला संपर्क द्यावा. अभिप्राय छापणाऱ्यानें ई-पत्र, दूरध्वनि अथवा लघुसंदेश अशा मार्गांनीं त्याची खात्री करावी. त्याची खासगी माहिती सुरक्षित ठेवावी. ताऱ्यांची सरासरी कशी काढली जाते तें ठरलेलें असावें. आणि विकत घेतलेले किंवा त्याच कामासाठीं नेमलेल्या माणसांनीं लिहिलेले अभिप्राय छापूं नयेत, असा त्याचा आशय आहे. प्रसिद्धीच्या वेळीं तें ऐच्छिक ठेवण्यांत आलें. तें सक्तीचें करण्याचा विचार २०२४ सालीं केंद्राच्या ग्राहक विभागानें मांडला व ई-बाजारवाल्यांशीं त्यावर चर्चा केली.

या वाटेवर आपण एकटे नाहीं. युरोपीय संघांत २०२२ च्या मेपासून व्यापाऱ्याला सांगावें लागतें कीं, आपल्याकडील अभिप्राय खऱ्या ग्राहकांचे आहेत याची खात्री तो करतो कीं नाहीं, व करीत असल्यास कशी. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाचा नियम ऑक्टोबर २०२४ मध्यें लागू झाला. चांगलें लिहाल तरच पैसे मिळतील अशी अट घालण्यास त्यानें स्पष्ट बंदी केली. काकूंच्या कार्डाचें याहून अचूक वर्णन मीं दुसरीकडे वाचलेलें नाहीं. ब्रिटनमध्येंहि एप्रिल २०२५ पासून बनावट अभिप्रायांवर कायद्यानें बंदी आली.

येथें कोणी विचारील, साक्षीदाराचें नांव सक्तीनें घ्यावयाचें म्हटलें तर खरें बोलणाराच घाबरणार नाहीं का? हा आक्षेप हलका नाहीं. इस्पितळाविषयीं, शिकवणीच्या वर्गाविषयीं अथवा इमारत बांधणाऱ्याविषयीं प्रामाणिक तक्रार लिहिणाऱ्याला अब्रुनुकसानीची नोटीस येऊं शकते. चार ओळींसाठीं वकील गांठण्यापेक्षां मनुष्य चार ओळी पुसून टाकतो. याबाबतींत जुना कायदा आपण समजतों त्याहून उदार आहे. १८६० च्या दंडसंहितेंतील अब्रुनुकसानीच्या कलमाला दहा अपवाद जोडलेले होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमांत ते राखले आहेत. ऐकणाऱ्याच्या किंवा लोकांच्या हितासाठीं सद्‌भावनेनें दिलेला इशारा हा त्यांपैकींच एक अपवाद. ‘सद्‌भावनेनें’ हा त्यांतला कळीचा शब्द. तेव्हां साक्षीदार छापणाऱ्याला ठाऊक असावा, पण त्याचा पत्ता विक्रेत्याच्या हातीं पडूं नये, हाच यांतला मध्यममार्ग आहे. खऱ्याला आडोसा मिळावा आणि खोट्याला मिळूं नये, हें साधणें अवघड खरें. परंतु अवघड आहे म्हणून तें सोडून देतां येणार नाहीं. उपनगरांतल्या एखाद्या लहान खानावळवाल्याचा धंदाहि दहा खोट्या शेऱ्यांनीं बसूं शकतो, हेंहि विसरूं नये.

आणि साक्षीदार खरा असला तरी सर्वच गोष्टींची साक्ष त्याला देतां येत नाहीं. कुकर दिसावयास सुबक आहे, डाळ लवकर शिजते, हें गृहिणी सांगूं शकेल. झडप किती दाब सोसेल हें तिला सांगतां येणार नाहीं. प्रमाणचिन्ह नसलेले प्रेशर कुकर आपल्या ठिकाणीं विकूं दिल्याबद्दल केंद्रीय प्राधिकरणानें २०२२ सालीं मोठ्या ई-बाजारांवर दंडाचे आदेश काढले. कुकरला तारे किती मिळाले, हा तेथें प्रश्नच नव्हता. जेथें जिवाशीं गांठ आहे तेथें तारे पाहण्यापूर्वीं आय. एस. आय. ची खूण पाहावी, हा यांतला साधा धडा.

असो. पुन्हां काकूंकडे वळतों. त्यांनीं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदविली. तिचा निकाल लागावयाचा तेव्हां लागेल. पण त्याच दिवशीं संध्याकाळीं त्यांनीं नातवाला जवळ बसविलें आणि जुना शेरा काढून नवा लिहविला. ‘पूर्वीं दिलेले पांच तारे यंत्र लावण्याआधीं, दोनशें रुपये घेऊन दिले होते. यंत्र तीन महिने चाललें.’ दोन दिवसांनीं विक्रेत्याच्या माणसाचा दूरध्वनि आला. शेरा काढून टाकल्यास नवें यंत्र पाठवूं, असें तो म्हणाला. आमच्या काकू कांहीं श्रीमंत नव्हेत. नव्या यंत्राचा मोह त्यांना झाला नसेल असें मीं म्हणणार नाहीं. त्यांनीं एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं त्याला सांगितलें कीं, यंत्र दुरुस्त करून देणें तुमचें कामच आहे, त्याचा शेऱ्याशीं संबंध नाहीं.

यंत्र अजून बंदच आहे आणि काकू पाणी उकळून पितात. परंतु तो शेरा तेथें आहे, आणि त्याच्याखालीं तिघांनीं ‘उपयोगी पडला’ अशी खूण केली आहे. ते तिघे कोण, कोठले, हें काकूंना ठाऊक नाहीं.